कॉर्बी पंख्याची उत्तरेकडची बाजू

कॉर्बी वेल्स, नेव्हाडा
९ जानेवारी १९८९

प्रोफेसरसाहेब,

एकतीस वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका, कुणी मेलेलं नाही. मी मायते इरिगोयेन. १९५८च्या उन्हाळ्यात तुमच्या मोजपट्टीचं दुसरं टोक धरून कॉर्बी डोंगराच्या पायथ्याशी दोन महिने करपलेली ती एकोणीस वर्षांची पोर. आमच्या एडक्यानं तुम्हाला मागून ढुशी दिली आणि तुम्ही नकाशा छातीशी कवटाळून तोंडावर पडलात, ते गावात अजून चवीनं सांगतात.

आता माझे केस पांढरे झालेत, सहा वर्षांची नात आहे आणि मी गावच्या शाळा मंडळाची सचिव आहे. पत्राचं कारण तेच. जुनी शाळा खोलगटात आहे. दर वसंतात बर्फ वितळलं की पोरं गुडघाभर पाण्यातून वर्गात जातात. आता काउंटीनं नवी जागा दिलीय ती वर, डोंगराच्या घळीच्या तोंडाशी गोट्या-वाळूचा जो पंखा पसरलाय त्याच्या उत्तरेच्या टोकाला, आमच्या रँचच्या कुंपणाला लागून. कोरडी, उंच, खाली नुसते गोटे आणि वाळू. सगळे खूश होते.

तेवढ्यात राज्याच्या भूगर्भ खात्यातला ग्लेन ओकुबो नावाचा मुलगा आला. तो म्हणतो, पंख्याखालची भेग मेलेली नाही, जिवंत आहे, सरकली की भूकंप, आणि ती शाळेच्या जागेखालून जाते. त्याला तिथे चर खणून बघायचंय. बघत बसलो तर वर्ष जाईल, आणि शाळेचं अनुदान जूनमध्ये परत जातं.

तुमचा नकाशा मंडळाच्या कचेरीत चौकट करून लावलाय. त्यात पंख्याच्या माथ्याभोवती दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत अखंड रेघ आहे. तुम्हीच शिकवलं होतंत: पायानं चाललो, डोळ्यांनी पाहिलं, तर अखंड रेघ, अंदाज असेल तर तुटक. तर माथा तुम्ही चालून पाहिलाय आणि तो तुटलेला नाही, तेवढं एका कागदावर लिहून द्या, म्हणजे पोराचं तोंड बंद होईल.

शाबियेरनं, माझ्या धाकट्या भावानं, नमस्कार सांगितलाय. आइता बारा वर्षांपूर्वी गेले. बापाच्या जागी आता तो, तीच मेंढरं आणि तोच आरडाओरडा.

मायते

—

टूसॉन, ॲरिझोना
२० जानेवारी १९८९

प्रिय मायते,

एडका विसरली नाहीस, वा! मी केवढं शिकवलं ते विसरली असशील, एडका बरा लक्षात राहिला.

तुझ्या पत्रानं म्हाताऱ्याचा दिवस चांगला गेला. तो पंखा म्हणजे माझं आयुष्य आहे गं. लोकांना वाटतं डोंगराचा इतिहास डोंगरात असतो. डोंगर तर झिजून जातो, त्यानं काय काय केलं ते त्याच्या पायाशी पडलेलं असतं. घळीतून पूर येतात, गोटे-वाळू तोंडाशी पसरतात, थरावर थर. डोंगराच्या डोक्यावर चुनखडी होती, ती आधी झिजून खाली आली. मग पोटातला ग्रॅनाइट उघडा पडला, तो नंतर आला. म्हणून पंख्यात सगळं उलटं: तळाशी चुनखडी, वर ग्रॅनाइट. भेग सरकून डोंगर वर उचलला गेला की घळी तीव्र होतात आणि घोड्याएवढे धोंडे खाली येतात; डोंगर निजला की नुसती बारीक वाळू. तू आणि मी तारेचं कडं भिरकावून, डोळे मिटून, आतले शंभर शंभर गोटे उचलून मोजले, ते यासाठी.

आणि सगळ्यात वरचा थर लाखभर वर्षांचा आहे. तो कुठेही तुटलेला नाही. म्हणजे भेग त्याआधीच मेली. इतकं सोपं आहे. आजकालच्या पोरांना चालायचा कंटाळा, म्हणून खड्डे खणायची हौस.

मंडळासाठी सहीचं पत्र सोबत आहे. एप्रिलच्या बावीस तारखेला माझे जुने विद्यार्थी माझ्या सन्मानार्थ बस करून त्याच पंख्यावर येणार आहेत. चाळीस जण! तेव्हा भेटूच. कोकराचा रस्सा कर.

तुझा,
वॉरन टॉलिव्हर

—

कॉर्बी वेल्स
४ फेब्रुवारी १९८९

प्रोफेसरसाहेब,

तुमचं पत्र सभेत मीच वाचून दाखवलं. "मी या पंख्याचा माथा पावलापावलानं चाललो आहे, तो कुठेही तुटलेला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धान्याच्या दुकानाचा गस प्रिचर्ड ओकुबोला म्हणाला, "बाळा, तू जन्माला यायच्या आधी मोजून झालंय हे." पोरगा लाल झाला, पण म्हणाला, "मोजलं असेल तर वहीत असेल. मला फक्त वही दाखवा."

एक विचारू? रागावू नका. आमच्या मेंढरांच्या तळाकडे, पॉपलरच्या झाडांच्या बाजूला, आपण कधी गेलो होतो का हो? मोजपट्टी तर माझ्याकडे असायची. मला त्या बाजूचं काहीच आठवत नाही. वय झालं असेल.

मायते

—

टूसॉन
२१ फेब्रुवारी १९८९

मायते,

तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस आणि तुझं लक्ष निम्मा वेळ डाकवाल्या पोराकडे असायचं. तुला आठवत नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. माझा नकाशा तीस वर्षं तीन विद्यापीठांत शिकवला गेलाय. माझ्या वह्या नीट जपलेल्या आहेत आणि त्या कुणाही पोरासोराला दाखवायला मी बांधील नाही.

टॉलिव्हर

—

कॉर्बी वेल्स
१६ मार्च १९८९

प्रोफेसरसाहेब,

परवा मतदान झालं. दोन बाजूनं, दोन विरुद्ध, आणि पाचवं मत माझं. मी हो म्हटलं. ओकुबोला चर खणायची परवानगी नाकारली. मे महिन्यात पाया खणायला सुरुवात.

काल तो पोरगा घरी आला. मी पाव भाजत होते, त्यानं दोन तुकडे खाल्ले. मग म्हणाला, "बाई, एकच विचारतो. त्या पॉपलरच्या रांगेत झरा आहे का? कारण एवढ्या कोरड्या पंख्यावर एका सरळ रेघेत झाडं उगवत नाहीत. खाली भेग असली की पाणी तिथेच वर येतं." मी म्हटलं, "नाही बाबा, झाडं आइतांनी लावली होती." त्यानं आभार मानले आणि गेला. मला माझीच इतकी घाण वाटली की उरलेला पाव मेंढरांपुढे टाकला.

आता खरं लिहिते. झरा आहे. आमच्या कुंपणाच्या पलीकडे दोनशे पावलांवर, सरकारी जमिनीत. १९३१मध्ये आइतांनी जमिनीखालून नळ टाकून तो आमच्या हौदात आणला. कुठे नोंद नाही, कागद नाही. खालच्या रँचवाल्याचा पाण्यावरचा हक्क आमच्यापेक्षा जुना. त्याला कळलं तर झरा त्याचा आणि आमची मेंढरं बाजारात.

तुम्ही आलात तेव्हा आइतांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "नकाशा करणाऱ्याला त्या बाजूला न्यायचं नाही. झऱ्याजवळ जमिनीला पडलेली ती पायरी दिसली आणि त्यानं विचारलं, तर म्हण की आमचा जुना पाट आहे." आणि तुम्ही खरंच ट्रकमधून हात करून विचारलंत, "ते काय गं?" मी म्हटलं, "पाट. आइतांनी खणलेला. तिथे साप-बीप निघतात." तुम्ही मान डोलावलीत आणि ट्रक वळवलात.

म्हणजे नकाशा चुकला असेल तर तो माझ्यामुळे. तुम्ही आमच्या घरचं मीठ खाल्लंत आणि मी तुम्हाला तोंडावर फसवलं. नंतर कधीतरी, मी तुमच्याबरोबर नसताना, तुम्ही एकटे तिथे चालून आला असाल, अशी देवाकडे प्रार्थना करतेय. आलात ना?

मायते

—

टूसॉन
२ एप्रिल १९८९

मायते,

नाही आलो.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दोन आठवडे टेबलावर उपडं ठेवलं. तू माझी क्षमा मागतेस! अगं, पाट कसा असतो आणि भेगेची पायरी कशी असते हे मला कळत नव्हतं? पाटाला दोन काठ असतात, पायरीला एकच. ट्रकमधूनसुद्धा दिसत होतं. तू पाट म्हणालीस आणि मला बरं वाटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. तू मला फसवलं नाहीस, तू मला सबब दिलीस.

सांगतोच आता. उत्तरेचे दोन मैल शेवटच्या दिवसासाठी ठेवले होते. शेवटच्या दिवशी तुझ्या आइतांनी दुपारी जेवायला बसवलं. कोकरू, लाल वाईन, आणि मी दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती, पुढच्या आठवड्यात कायम नोकरीची मुलाखत. मी तुमच्याच जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि न चाललेल्या दोन मैलांतले गोटे मोजायचे तीन मुक्काम लिहून काढले. चौदा, पंधरा, सोळा. प्रत्येकी शंभर गोटे. ग्रॅनाइट एकसष्ट, चुनखडी चोवीस, बाकी इतर. एकही गोटा उचलला नव्हता. तुझी आई बशा आवरत होती आणि मला म्हणाली, "केवढं काम करता हो तुम्ही." मग तुटक रेघ काढायला हवी होती तिथे अखंड काढली, कारण तुटक रेघ दिसली तर मुलाखतीत कुणीतरी विचारलं असतं.

यावर कळस ऐक. १९७१मध्ये लायल हेनिंग नावाच्या विद्यार्थ्यानं एक टेकडी न चढता तिच्यावर अखंड रेघ ओढली. मी त्याला भर वर्गात उभं केलं आणि म्हणालो, "जो पायानं खोटं बोलतो त्याला या विद्येत जागा नाही." नापास केलं. तो विद्यापीठ सोडून गेला. पुढे त्याचं काय झालं हे मी विचारलंही नाही. मला वाटतं मी त्याला नाही, स्वतःलाच हाकलत होतो, फक्त भोगायला तो होता.

आणि जानेवारीत, सदुसष्टाव्या वर्षी, तुझ्या शाळेसाठी तेच खोटं पुन्हा सहीनिशी लिहिलं. तेव्हा तरुण होतो असं म्हणायचीही सोय ठेवली नाही.

मी मंडळाला लिहितो. फक्त बावीस तारीख होऊ दे. ती पोरं लांबून लांबून येताहेत. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

वॉरन

—

कॉर्बी वेल्स
८ एप्रिल १९८९

प्रोफेसर,

तीन आठवडे? मेच्या एक तारखेला बुलडोझर येतोय. हार घालून घ्यायचे, फोटो काढायचे आणि मग सांगायचं, "अरे हो, एक राहिलंच"? शोभतं का हो हे?

तुम्हाला बोलायचा मला काय अधिकार, ते ठाऊक आहे. मीही तोंड शिवूनच बसलेय. काल शाबियेरला नुसतं म्हटलं, "झऱ्याचं सांगून टाकूया का?" त्यानं घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "सांग. आणि जाताना माझी चारशे मेंढरं पण घेऊन जा."  पुढच्या वर्षी माझी नात अमाया त्या शाळेत पहिलीत बसणार, आणि मी गप्प.

दोघांतल्या एकानं तरी माणसासारखं वागायला हवं. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही आधी.

मायते

—

टूसॉन
२५ एप्रिल १९८९

मायते,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

बावीसला बस आली. तुला बोलावलं नाही, ते मुद्दाम. दक्षिणेच्या घळीशी पहिला मुक्काम झाला, कुणीतरी माझ्या नावाचा फलक काढला, भाषणं झाली. दुसऱ्या मुक्कामाला मी ड्रायव्हरला उत्तरेकडे घ्यायला सांगितलं. पॉपलरकडे नेलं नाही, तिथून बऱ्याच अलीकडे, काउंटीच्या जागेत उतरवलं. आणि मायते, मला पायरी सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत! गुडघाभर उंच, पुरानं निम्मी बुजवलेली, पण आहे. वरच्या अंगाला जे ग्रॅनाइटचे धोंडे तेच खालच्या अंगाला, एकच थर, कापून खाली बसवल्यासारखा. भेग जिवंत आहे. तो डोंगर अजून वाढतोय.

मी त्या पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "हे दोन मैल मी कधी चाललो नाही. तीन मुक्कामांचे आकडे मी जेवणाच्या टेबलावर बसून रचले."

आधी दोघे हसले, त्यांना थट्टा वाटली. मग कुणीच हसेना. ज्या बाईनं फलक धरला होता तिनं तो उलटा करून मांडीशी धरला. एक जुना मित्र दंडाला धरून म्हणाला, "सोड रे वॉरन, कोण बघतंय." ओकुबोही आला होता. त्यानं माझी पाण्याची बाटली भरून आणली. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. चाळीस माणसं आणि एक रिकामी जागा, ती माझ्याच शेजारी.

मंडळाला पत्र त्याच संध्याकाळी टाकलं. वही ओकुबोला दिली. लायल हेनिंगचा पत्ता मिळवून त्यालाही लिहिलं, उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही.

आता तुझं. तुझं नाव मी कुठेही घेतलेलं नाही. "तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का?" असं विचारलं तेव्हा नाही म्हणालो. झऱ्याचं कुणाला कळायचं कारण नाही. बापानं सांगितलेलं ऐकणारी एकोणीस वर्षांची पोर होतीस तू. झाकली मूठ झाकलीच राहू दे. एवढं तरी मला तुझ्यासाठी करू दे.

वॉरन

—

कॉर्बी वेल्स
१२ मे १९८९

प्रोफेसरसाहेब,

तुमच्या पत्रानंतर मंडळानं चर खणायला परवानगी दिली, आणि बुलडोझर आला तो ओकुबोच्या कामाला लागला. त्यानं काउंटीच्या जागेत माणूस बुडेल एवढा चर खणला. मी उतरून पाहिलं. जुन्या ज्वालामुखीच्या पांढऱ्या राखेचा एक थर आहे. भिंतीच्या एका अंगाला तो माझ्या खांद्याशी, दुसऱ्या अंगाला पायाच्या घोट्याशी. ओकुबो म्हणतो, तीन वेगवेगळ्या वेळी तुटलाय, आणि शेवटचं तुटणं हजार वर्षांच्या आतलं. शाळेच्या आराखड्याप्रमाणे त्यानं वर झेंड्या रोवल्या होत्या. मी विचारलं, "ही भेग कुठल्या खोलीखाली येते?" तो कागद बघून हळूच म्हणाला, "पहिलीच्या."

मंगळवारी सभा झाली. दिवाणखान्याएवढ्या त्या सभागृहात अख्खं गाव कोंबलं होतं. शाळेची जागा रद्द, पाच विरुद्ध शून्य. अनुदान जाणार, पोरं अजून दोन वर्षं पाण्यातून चालणार. मग सगळे तुमच्यावर घसरले. कुणी म्हणालं थापाड्या, कुणी म्हणालं दारुडा. गस म्हणाला, "मेंढरांनीच ओळखला होता त्याला, उगाच नव्हती एडक्यानं ढुशी दिली." सगळं सभागृह हसलं. मीही हसले. तुमच्यापासून लपवत नाही. मोठ्यानं हसले.

मग गसनं ठराव मांडला की तुमच्या विद्यापीठाला निषेधाचं पत्र जावं. सचिव मी, लिहिणार मी. तो सांगत होता, मी लिहीत होते. "प्रोफेसर टॉलिव्हर यांनी खोटी माहिती दिली." लिहिलं. "त्यामुळे मुलांच्या जिवाला धोका झाला." लिहिलं. "या गावातल्या कुणालाही याची कल्पना नव्हती." माझा हात थांबला. गस म्हणाला, "लिही की गं." मी म्हटलं, "मला होती."

लोकांना आधी कळलंच नाही. मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाट, पायरी, आइता, झरा. झरा म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत शाबियेर उठला. टोपी घातली आणि बाहेर गेला. खालचा रँचवाला तिथेच बसला होता, त्यानं खिशातून पेन्सिल काढली.

तुम्ही लिहिलंत, मी एकोणीस वर्षांची होते. होते. पण मार्चमध्ये हात वर केला तेव्हा पन्नास वर्षांची होते, आणि बाजूला आइता उभे नव्हते. गसनंही तेच विचारलं. आवाज चढवला नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं: "तुझी नात बसणार होती ना त्या वर्गात? मग मत का दिलंस, मायते?"

सगळे वाट बघत होते. मी म्हटलं, "पाण्यासाठी."

लोक खुर्च्या आवरायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सोमवारी पाणी खात्याचा माणूस झरा मोजायला येतोय. शाबियेर आता मेंढरांच्या तळावरच निजतो. मी डबा नेऊन ठेवते, तो रिकामा परत येतो, बोलणं नाही. सचिवपदाचा राजीनामा दिला, पण निषेधाचं पत्र मात्र पूर्ण करूनच उठले, कारण ते काम माझं होतं. त्याची नक्कल सोबत जोडलीय. कुणालाही कल्पना नव्हती, ते वाक्य खोडलंय. खोटी माहिती देणाऱ्यांत तुमच्या नावाखाली दुसऱ्या ओळीत माझं नाव आहे. ते माझ्याच हातचं आहे.

मायते इरिगोयेन